चाळीस दिवसांच्या पावसाचं काय एवढं!

पवित्र शास्त्र ज्या मुलखात लिहिलं गेलं तिथे पाऊस पडला की बातमी होते. रत्नागिरीत तो चार महिने थांबला नाही तरी कुणी खिडकीबाहेर बघत नाही. शब्बाथशाळेच्या बाई डोळे मोठे करून, हात वर नेऊन, नोहाच्या काळात चाळीस दिवस नि चाळीस रात्री पाऊस कोसळल्याचं सांगायच्या, तेव्हा आम्ही पोरं पुढचं ऐकायला थांबायचो. चाळीस दिवस झाले, बरं, मग? मृग लागल्यापासून चाळीस दिवस मोजले तर जुलैचा तिसरा आठवडा येतो. तोवर आमच्याकडे फार तर मिठाला पाणी सुटतं, चपला बुरसटतात आणि दप्तराला कुबट वास येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेणाऱ्या गावाला प्रलयाची भीती घालायची, तर आकडा जरा वाढवून सांगायला हवा होता.

आजीला तर नोहाचं कबुतर मुळीच पटत नसे. "कबुतर कशाला सोडायला हवं? दोरीवर लुगडं टाकायचं. वाळलं की खाली उतरायचं."

मेंढरांचीही तीच गत. शास्त्रात पानोपानी मेंढरं आणि मेंढपाळ. आम्ही मेंढरू पाहिलं ते नाताळच्या गव्हाणीत, कापसाचं. अंजीर पाहिलं ते सुकलेलं, पुड्यातलं. वाळवंट म्हणजे भाट्याची पुळण, आणि तिथे मोशे वाट चुकला असता तर कुणीतरी त्याला बसस्टॉप दाखवलाच असता. उलट आमचे पाळकसाहेब नगरकडचे. तिकडे इस्राएल देश तयार मिळतो. मेंढरं आहेत, काटेरी झुडपं आहेत, आटलेल्या विहिरी आहेत, दुष्काळ तर हक्काचा. अमेरिकन मिशनने १८३१ साली नगरला तळ ठोकला, १८४२ साली तिथूनच 'ज्ञानोदय' निघालं, आणि मराठी प्रवचनाची भाषा त्या कोरड्या हवेत चांगली खडखडीत वाळून तयार झाली. ती भाषा घाट उतरून खाली आली की तिला आमच्या मिठासारखं पाणी सुटायचं. साहेब वेदीजवळ उभे राहून तहानलेल्या भूमीविषयी कळवळून बोलत आणि कौलांवरच्या पावसात त्यांचा शब्द पहिल्या बाकापलीकडे पोचत नसे.

ही अडचण आजीने आपल्यापुरती सोडवली होती. शास्त्रात रत्नागिरी सापडत नाही ना, मग रत्नागिरीत शास्त्र शोधायचं. दिसेल त्यात. बाजारात, परसात, न्हाणीघरात, शेजाऱ्याच्या भांडणात. तिच्याबरोबर चालणं हे एक संकटच होतं, कारण कुठल्या गडग्यापाशी दाखला सुरू होईल याचा नेम नसे.

याला आधार म्हणून तिच्याजवळ टिळक होते. रत्नागिरीत टिळक म्हटलं की लोकमान्य. १८५६ साली इथेच जन्मले, घर अजून पर्यटकांना दाखवतात. आमच्या घरी भिंतीवर मात्र दुसरे टिळक, नारायण वामन. तेही याच जिल्ह्यातले, करजगावचे, १८६१ चे, आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले. आमच्या घरात टिळकांवर निबंध लिहायचा तर आधी कुठले ते ठरवावं लागे. पण आजीचा खरा जीव त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर. 'स्मृतिचित्रे' तिने इतकी वाचली होती की त्यातली माणसं आमची नातेवाईक आहेत असा माझा बरेच दिवस समज होता. "टिळकांनी देव शोधला, बाईने तांदूळ शोधले. आता सांग, लोक पुस्तक कुणाचं वाचतात?" हा तिचा आवडता प्रश्न. पोट धरून हसायला लावणारी ख्रिस्ती साक्ष असू शकते, हे त्या पुस्तकाने तिला शिकवलं असावं. शिवाय फादर थॉमस स्टीफन्सही होते. इंग्रज जेझुइट. त्यांनी सगळी ख्रिस्तकथा मराठी ओव्यांत बसवली, १६१६ साली गोव्यात छापली आणि तिला चक्क पुराण म्हटलं. इंग्रजाला जे जमलं ते आपल्याला का जमू नये, असा आजीचा रोकडा हिशेब.

पेरणाऱ्याच्या दाखल्यावरून झालेला तंटा अजून लोकांच्या आठवणीत आहे. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळ जमिनीवर पडून लगेच उगवलं नि उन्हाने करपलं, काही काट्यांत गेलं, काही चांगल्या जमिनीत पडून शंभरपट पीक आलं. पाळकसाहेबांनी खडकाळ जमीन म्हणजे कठीण झालेलं अंतःकरण असा अर्थ उलगडला आणि समोरच्या बाकांवर नजर फिरवली. त्या बाकांवर आंब्याचे बागायतदार बसले होते. उपासना संपल्यावर पडवीत त्यांनी साहेबांना गाठलं.

"साहेब, खडकावरचं करपलं म्हणालात. मग त्यानं सुरुंग का नाही लावला?"

साहेबांना सुरुंगाचं प्रयोजन कळेना. त्यांना कळण्यासारखंही नव्हतं. रत्नागिरीच्या आसपास चांगली जमीन अशी कितीशी? बाकी सगळा सडा. जांभ्याचा काळाठिक्कर कातळ, उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवला तर सोलून निघेल असा. त्या कातळात पहारीने भोक पाडतात, दारू ठासतात, पोरांना लांब पिटाळतात, आणि मग 'धप्प' असा पोटातून आवाज येतो. फुटलेला दगड उपसून खड्डा करतात. खड्ड्यात त्याच जागची माती भरावी म्हटलं तर माती आहे कुठे? ती दुसरीकडून आणायची, घमेल्यांनी, डोक्यावरून. मग कलम लावायचं आणि पुढची काही वर्षं उन्हाळाभर त्याला हंड्यांनी पाणी घालायचं. १९९० साली रोजगार हमीतून फळबागांची सरकारी योजना आली तेव्हा तर सडेच्या सडे असे फोडले गेले. आज लोक ज्या हापूसचे फोटो काढतात त्यातला कितीतरी हापूस असा कातळातून उपटून काढलेला आहे.

आजीचा राग वेगळाच होता. तिला खडकाविषयी तक्रार नव्हती, पेरणाऱ्याविषयी होती. "वाटेवर टाकतो, दगडावर टाकतो, काट्यांत टाकतो. बियाणं फुकट आलंय का? आणि टाकून निघून जातो तो शेतकरी कसला?"

साहेब हळू आवाजात म्हणाले, "आजी, दाखल्यातला पेरणारा म्हणजे प्रभू."

"म्हणूनच सांभाळून बोलते आहे," आजी म्हणाली.

मासळीच्या बाबतीत मात्र तिचं आणि नव्या कराराचं पूर्ण एकमत होतं. पेत्र हा तिला घरचा माणूस. रात्रभर जाळं टाकून हाती काही न लागलेला माणूस मिरकरवाड्याच्या जेटीवर रोज दिसतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय तिला तोंडपाठ होता. पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर उभा आहे, त्याने निखारे पेटवलेत, वर मासे भाजतोय, भाकर आहे, शिष्यांना न्याहारीला बोलावतोय. आणि अशा वेळी शिष्यांनी काय केलं, तर जाळ्यातले मासे मोजले. एकशे त्रेपन्न. या आकड्याने पंडितांना शतकानुशतकं झोप लागू दिलेली नाही. संत ऑगस्टीनने तर एक ते सतरापर्यंतच्या आकड्यांची बेरीज एकशे त्रेपन्न होते हे दाखवून त्यातून मोठा अर्थ काढला. आजीने तो प्रश्न बाजारात नेला. आमची नेहमीची मासेवाली भाभी मिरकरवाड्याची, तिला शुभवर्तमान ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. आजीने सगळा प्रसंग सांगितला. भाभीने बांगड्याच्या टोपलीवर पाणी मारता मारता विचारलं, "होडीत किती माणसं होती?"

"सात."

"मग मोजायला नको? वाटणी कशी करणार?"

आजी त्या दिवशी घरी आली ती ऑगस्टीनला निकालात काढूनच. मलाही भाभीचं पटतं. मेलेला गुरू समोर जिवंत उभा असताना जे लोक मासे मोजतात, ते ही गोष्ट रचून सांगत नसणार. रचली असती तर आकडा गोल घातला असता.

जुन्या करारातला लेवीय मात्र आमच्या घरी जरा दबकतच वाचला जाई. त्यात पर आणि खवलं नसलेलं पाण्यातलं काहीही खायला बंदी. म्हणजे कोलंबी गेली, कुर्ल्या गेल्या, कालवं गेली, तिसऱ्या गेल्या. रत्नागिरीत मग उरलं काय? म्हणून प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय हा आजीच्या मते शास्त्राचा कळस. पेत्र दुपारी धाब्यावर प्रार्थनेला बसलाय, पोटात भूक, आणि आकाशातून चादर उतरते, त्यात सगळ्या प्रकारचे प्राणी, आणि देव सांगतो, खा. तो दृष्टांत खरं तर परक्या माणसांना मंडळीत घेण्याविषयी आहे, हे साहेबांनी तिला एकदा समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. "माणसांना घेतलं तर त्यांच्या ताटातलंही घ्यावं लागतं, साहेब," एवढं म्हणून तिने त्यांच्या पानात कुर्लीचा रस्सा वाढला. नगरच्या माणसाला कुर्ली फोडता येत नव्हती. त्या जेवणात त्यांना विश्वासाची बरीच कसोटी द्यावी लागली.

हल्ली रोज सकाळी मोबाइलवर कुणी ना कुणी एक धडा पाठवतो. प्रार्थना म्हणजे चार्जिंग. पाप म्हणजे व्हायरस. देवाचं नेटवर्क कधी जात नाही. हे वाचून मला देवापेक्षा मोबाइल कंपनीची आठवण जास्त येते. या धड्यांत आधी धडा ठरलेला असतो, वस्तू नंतर आणून चिकटवतात. येशूने दाखले सांगितले ते पुष्कळदा अर्थ न सांगताच सोडून दिले. पेरणाऱ्याचा अर्थसुद्धा शिष्यांनी मागाहून विचारला म्हणून सांगितला, लोकांना नाही. लोक घरी गेले ते बी डोक्यात घेऊन आणि बहुधा आमच्या आजीसारखेच भांडत.

एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असं सगळं जग म्हणतं. उत्पत्तीच्या पुस्तकात फळाचं नाव नाही. आजीने ती रिकामी जागा भरून टाकली होती: हापूस. "सफरचंदासाठी कोण देवाची आज्ञा मोडेल?" एप्रिलात आमच्याकडे हा प्रश्न पोरांच्या पोटात शिरत असे. न लागलेला, न डागाळलेला आंबा पेटीत भरून वाशीला जाणार, घरात राहणार तो डागी. समोरच्या बागेत राखणीला नेपाळी गुरखा. मनुष्याला बागेबाहेर काढल्यावर देवाने वाटेवर करूब आणि फिरती ज्वलंत तलवार ठेवली असं शास्त्र सांगतं. आम्हाला त्यासाठी चित्र बघावं लागलं नाही. रात्री गडग्यापलीकडे गुरख्याच्या बॅटरीचा झोत गरागरा फिरताना दिसला की पतनाचा सगळा अध्याय डोळ्यांपुढे उभा राही.

आता कलमांविषयी. हापूस या नावामागे पोर्तुगिजांचा अल्बुकर्क, आणि आंब्याची कलमं बांधायची कला या किनाऱ्यावर रुजली ती गोव्यातल्या पोर्तुगीज अमलात. त्यात जेझुइट पाद्र्यांचा हात मोठा होता. म्हणजे पाद्री दोन गोष्टी घेऊन आले, कलम आणि शुभवर्तमान. कोकणाने पहिली गोष्ट कुठलाही वाद न घालता स्वीकारली.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात कलमाचा दाखला आहे. परराष्ट्रीय लोक म्हणजे रानटी जैतुनाची डहाळी. देवाने ती चांगल्या जैतुनाच्या झाडावर बांधली, आणि मुळाचा रस आता तिलाही मिळतो. आजीला हा भाग फार प्रिय, कारण ती डहाळी म्हणजे आपणच. एका पावसाळ्यात आमच्या परसात कोय कलमं बांधायला माळीकाका आले होते. रायवळ आंब्याचे बाठे रुजून कोवळे, तांबूस कोंब वर आलेले. काका ते कोंब विळीच्या पात्यासारख्या धारदार चाकूने छाटत, मधोमध चीर देत, हापूसच्या काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवत आणि प्लास्टिकची पट्टी गच्च गुंडाळून दाताने गाठ ओढत. पाऊस पागोळ्यांतून पडत होता. आजी पायरीवर बसून त्यांना पौल सांगत होती.

काकांचा हात थांबला. "काय म्हणालात काकी? रानटी काडी, नि झाड चांगलं?"

"हो."

"उलटं झालं हो. मूळ रायवळ असायला हवं, काडी हापूसची. चांगल्या झाडावर रायवळ काडी बांधलीत तर आंबा रायवळच लागणार. कोण हा माणूस?"

"पौल. प्रेषित होता."

"नि धंदा?"

"तंबू शिवायचा."

"हां," काका म्हणाले, सगळा उलगडा झाल्यासारखे, आणि पुढचा कोंब हातात घेतला.

आजी हार मानणारी नव्हती. तिने आतून पवित्र शास्त्र मागवलं, ओल्या हाताने चष्मा पुसला आणि अध्याय पुढे वाचला. थोडं खाली पौल स्वतःच म्हणतो की हे बांधणं निसर्गाच्या उलट आहे. आजीने ते दोनदा वाचून दाखवलं. काकांनी काडी तोंडात धरून ऐकलं, मग ती काढून विचारलं, "म्हणजे त्याला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"ठाऊक असून बांधलं देवानं?"

"बांधलं."

काकांनी पट्टीची गाठ मारली, रोप बाजूला सावलीत ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "देवाचं ठीक आहे, त्याला बाजारात आंबा विकायचा नसतो. पण काकी, त्या पौलाकडून रोपं मात्र घेऊ नका."