जवाई उतरत नसतो

आमच्या वर्धा जिल्ह्यात जवायाला कामाला लावत नाहीत. लग्नाला कितीही वर्षं होवोत, डोक्यावरचे केस जावोत, पोट पुढे येवो, सासरच्या अंगणात पाय ठेवला की माणूस पुन्हा नवाकोरा जवाई होतो. पाण्याचा गडवा समोर येतो, खाटेवर सतरंजी येते, आणि काही उचलायला तो वाकलाच तर चार हात धावून येतात. "राहू द्या न जी, तुमी कायले?" ही पद्धत मला मनापासून आवडते. तिच्यात एकच उणीव आहे. ती पक्क्या रस्त्याचा हिशेब धरून केलेली आहे.

माझं सासर सेलू तालुक्यात, हिंगणीच्याही आत, बोरच्या डोंगरांना पाठ लावून बसलेलं. बोर म्हणजे तेच जंगल, १९७० साली अभयारण्य झालेलं आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्पांच्या यादीत गेलेलं. गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी एक अशी त्याची ओळख. वाघांना हे आकडे कोणी वाचून दाखवलेले नाहीत. ते आमच्या सासरच्या वावरांनाही प्रकल्पातच धरतात.

तर मोठ्या साळ्यांनी बोअरला पाणी लागावं म्हणून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. ज्यांनी रोडगे खाल्लेले नाहीत त्यांच्यासाठी: कणकेच्या पाऱ्या एकात एक घालून केलेला मोठा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, राख झटकायची, फोडून त्यात तेल किंवा तूप ओतायचं आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचा. बोअरला मे महिन्यात पाणी लागलं. शहाण्या माणसाने नवस दिवाळीनंतर फेडला असता. पण आतेसासूबाई म्हणाल्या, "देवानं उधारी नाही ठेवली, आपन कायले ठेवाची? पानी वापस घेतलं त्यानं, मंग?" या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. श्रावणातला शनिवार ठरला. म्हणजे वर्षातला असा एक दिवस, ज्या दिवशी त्या देवळाकडे बेडूकही विचार करून जातो.

गाडी धाकट्या साळ्यांची पिकप. कापसाच्या हंगामात ती जिनिंगला कापूस नेते, लग्नसराईत बँडवाले नेते, आणि एरवी कोणाचं ना कोणाचं बिऱ्हाड. तिची ओढ फक्त मागच्या दोन चाकांना. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या इभ्रतीचा सगळा प्रश्न त्या दोन चाकांवर येऊन थांबणार आहे. हौद्यात कणकीची पोती, गोवऱ्यांची पोती, वांग्यांचे क्रेट, मोठमोठे गंज, पाण्याचे ड्रम, फावडी, सब्बल, मागच्या वर्षीच्या वाळल्या पऱ्हाटीचे भारे आणि उरलेल्या जागेत नातेवाईक. केबिनमध्ये साळे, आतेसासूबाई आणि खिडकीशी मी. खिडकी जवायाची, त्यावर चर्चा होत नाही.

पुण्याहून साळीचा मुलगा आला होता. समृद्धी महामार्गाने आला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा त्या मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, आता मुंबईपर्यंतचे ७०१ किलोमीटर पूर्ण आहेत, आणि त्यावर मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. येळाकेळीला खाली उतरेपर्यंत पोराला टोलवाल्याखेरीज कोणाशी बोलायची वेळ आली नाही. आता पुढच्या पाच-सहा किलोमीटरांत त्याला अख्खं सासर भेटणार होतं, आणि तेही कंबरेपर्यंत चिखलात. त्याच्या पायात डोंगर चढायचे बूट होते. हौद्यात उभा राहून तो ओरडून सांगत होता की जगात लोक लाखो रुपये खर्चून असल्या रस्त्यांवर जातात, पॅरिसहून १९७८ साली निघालेली डकार रॅली तर वाळवंटातून समुद्रापर्यंत गेली होती. केबिनच्या मागच्या जाळीतून आतेसासूबाईंना एवढंच ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "डकार जेवल्यावर येते बापू. आधी पोचू तर दे."

गाव संपलं की पांदण लागते. गावनकाशात ही पांदण दुहेरी तुटक रेषांनी दाखवली आहे. अशा गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पण दर वर्षी नांगरताना दोन्हीकडचे शेतकरी एकेक तास आत सरकतात. असं करता करता रुंदी नकाशात राहिली आणि तुटकपणा तेवढा जमिनीवर उतरला. २०२१ साली सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना काढली, तेव्हा शेजारच्या गावाने आपसात समजुतीने धुरे मागे घेतले आणि मुरूम-गिट्टी पाडून घेतली. आमच्याकडे धुरा कोणाचा यावर अजून विचारविनिमय चालू आहे. विचारविनिमयात आत्तापर्यंत एक डोकं फुटलं आहे.

पांदणीत शिरल्यावर थोड्याच वेळात पिकप फसली. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि काळी माती नातेवाइकांवर न्यायाने, लहानथोर न पाहता, वाटली जाऊ लागली.

"उतरा रे सारे!" साळे म्हणाले. सारे उतरले. मीही दाराच्या कडीला हात घातला. "तुमी बसा जी!" बाहेरून सात-आठ आवाज एकदम आले. आतेसासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, त्या नऊवारी खोचून उतरल्या. मी बसलो. पाणी भरलेले ड्रम उतरले, कणीक उतरली, वांगी उतरली, स्टेपनी उतरली. आता गाडीत स्टिअरिंग, साळे आणि मी. माझं वजन सांगत नाही. एवढंच सांगतो की कणकीचं पोतं उतरवताना दोघं लागले होते.

जवायाला बसल्या जागी एकच काम करता येतं. ते म्हणजे माहिती देणं. मी खिडकीतून डोकं काढून सांगितलं की ही माती बेसॉल्ट झिजून तयार झालेली आहे, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, म्हणून मे महिन्यात हिला भेगा पडतात आणि श्रावणात ही टायरच्या नक्षीत भरून बसते. टायर मग गुळगुळीत होतो, त्यामुळे रेस देऊन उपयोग नसतो. "खरं हाये जी," चुलतसासरे आदराने म्हणाले, "पन जरा पाय उचला, तुमच्या पायाखाली पाना हाये."

मागून जोर लावणाऱ्यांत दोन गृहस्थ असे होते की जे एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांचं याच पांदणीवरून तहसीलमध्ये प्रकरण चालू आहे. मी त्यांना महसूल अधिनियमाचं कलम १४३ समजावून सांगितलं, ज्यानुसार तहसीलदाराला धुऱ्यावरून रस्ता देता येतो. दोघंही खांद्याला खांदा लावून गाडी रेटत होते. माझं संपल्यावर त्यांतले एक दुसऱ्यांना म्हणाले, "हे तं माह्या वकिलानं नाई सांगतलं." कैक महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं संभाषण. कलमापेक्षा चिखलाने जास्त काम केलं, पण श्रेय मी घेतलं.

कोणी म्हणालं बैल आणा. बैल डवऱ्याला गेले होते. मग मी गांधीजींच्या वेळची गोष्ट काढली. १९३६ साली ते वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले, तेव्हा तिथेही रस्त्याची हीच तऱ्हा होती. जमनालाल बजाजांकडच्या एका फोर्ड मोटारीला बैल जुंपून पाहुण्यांना आणत, आणि त्या वाहनाला थट्टेने ऑक्स-फोर्ड म्हणत, असं वर्ध्यात जुनी माणसं सांगतात. भाचा खूप हसला. बाकीच्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मोटार फसली की बैल जुंपतात, त्याला नाव कशाला ठेवायचं?

तोवर चाकांखाली पऱ्हाटी भरून झाली होती, टायरमधली थोडी हवा सोडून झाली होती. तरी गाडी हलेना. साळे खाली उतरले, मागे गेले, हौद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा हौद्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या सरांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

"आत्या," ते हळू आवाजात म्हणाले, "गाडी खाली केली तेच चुकलं. ओढ मांगच्या चाकाले हाये, आन मांगं वजनच नाई. चाक पकडन कायले?"

"मंग भर न पोते."

"पोते भिजतीन. कनीक हाये."

पुढची शांतता मी विसरणार नाही. सासरच्या माणसांपुढे मोठाच पेच होता. जवायाला उतरवायचं नाही हे ठरलेलं. पण जवायाला मागे बसवायचं की नाही यावर पूर्वजांनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. शेवटी आतेसासूबाईंनी निवाडा दिला. हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर, घडी घातलेली वाकळ टाकण्यात आली. त्यावर सतरंजी. ताडपत्रीचं छत धरायला दोन पोरं. मग चुलतसासरे पुढे होऊन म्हणाले, "या जवाईबापू, इथं हवा चांगली लागते."

मी केबिनच्या पायरीवरून हौद्याच्या फळीवर पाय टाकला. चिखलाला स्पर्श झाला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं आणि समाधानाचा सुस्कारा टाकला. मी बसलो. पिकपचे मागचे पाटे कुरकुरले. साळ्यांनी पहिला गिअर टाकला, रेस न वाढवता क्लच सोडला, आणि गाडी ओल्या पऱ्हाटीवरून कडकड करत बाहेर आली. टाळ्या पडल्या. लग्नात बोहल्यावर चढलो तेव्हाही इतक्या पडल्या नव्हत्या.

तिथून पुढे माझा भाव वाढला. चढाव आला की साळे ओरडत, "भाऊजी, मांगं सरका!" उतारावर, "थोडे समोर या जी!" भाचा याचं चित्रीकरण करत होता. सागाची मोठी पानं डोक्यावरून घासत होती, धावड्याच्या झाडांतून माकडं आमच्याकडे पाहत होती, आणि पोरं बोरच्या सुप्रसिद्ध कॅटरिना वाघिणीचं नाव घेऊन एकमेकांना भेवाडत होती. वाघीण आली असती तर सगळ्यांना पळायची मुभा होती. मला नव्हती, मी जवाई होतो.

देवळाच्या अलीकडे नाला. नाल्यावर सिमेंटचा रपटा आहे, पण पावसाळ्यात तो पाण्याखाली असतो आणि त्याची कड कुठे आहे ते आठवणीने ओळखायचं असतं. पाणी किती ते पाहायला आधी माणूस पुढे चालवतात. उंच भाचा बूट काढून तयार झाला. साळ्यांनी त्याला बाजूला केलं. "तुह्यं गुडघाभर म्हंजे गाडीचं इंजिनभर." गावातला सगळ्यात बुटका सालदार निवडला गेला. तो काठीने रपट्याची कड चाचपत पलीकडे गेला, गुडघ्याच्या खाली पाणी दाखवलं. पाणी गढूळ नव्हतं, लाकूडफाटा वाहून येत नव्हता. साळ्यांनी काठावरच्या एका दगडाला शेंदूर फासला. हा दगड दिसतोय तोवर जायचं, बुडाला की थांबायचं. डोंगरातला नाला जसा भसकन चढतो तसा तासा-दोन तासांत उतरतोही, घाई करणाराच वाहतो. ही एवढी शिस्त गावात पोराटोरांना असते.

बाकीचे हात धरून साखळीने पायी गेले. मी गाडीत. "हलकी गाडी पान्यात सरकते भाऊजी," साळे म्हणाले, "तुमी हाये म्हनून हिंमत करतो." पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये क्लच नाही, गिअर बदलणं नाही, सायलेन्सरात पाणी शिरायच्या आत पलीकडे. गाडीपुढे पाण्याची घडी उठली आणि आम्ही निघालो. मध्यावर तिचं बूड जरासं डावीकडे सरकल्यासारखं झालं. काठावरून आतेसासूबाई ओरडल्या, "जवाईबापू, दाबून बसा!" आता दाबून कसं बसायचं हे मला अजून माहीत नाही, पण मी बसलो.

रोडग्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या वेळी मला बोलता येत नव्हतं. आरातून काढलेला पहिला देवाला, दुसरा जवायाला. तूप मनगटापर्यंत ओघळलं. भाजीने नाकातून पाणी आलं. भाच्याने अर्ध्या रोडग्यात हात टेकले, मग आतेसासूबाईंनी त्याच्याकडून डकार ऐकून घेतली आणि त्याची रॅली पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. तिसऱ्या पहरी डोंगराच्या माथ्यावर ढग उतरले आणि धो धो पाऊस आला.

पाऊस ओसरल्यावर साळे नाल्यावर जाऊन आले. शेंदराचा दगड बुडाला होता. अंधार व्हायच्या आत जंगलाच्या कडेने बाहेर पडायला हवं होतं, पण पाणी उतरल्याशिवाय हलायचं नाही हेही पक्कं होतं. साळ्यांनी रिकाम्या हौद्याकडे पाहिलं. गोवऱ्या जळून गेल्या होत्या, कणीक संपली होती, ड्रम रिते होते. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, माझ्याकडे एक अंदाजाची नजर टाकली आणि चुलीजवळ बसलेल्या आतेसासूबाईंना हाक मारली.

"आत्या, पानी उतराले घंटाभर लागते. तोवर भाऊजीले अजून दोन रोडगे वाढ."