नानांची चार पावलं

तुमच्या बॅडमिंटन हॉलमध्येही एक नाना असतीलच. दिसत नसतील तर सध्या घरी पाय उशीवर टाकून पडले असतील; येतील. आमच्या नानांचा उजवा घोटा काल पुन्हा मुरगळला. घोटा मुरगळला की नाना आधी एक शब्द उच्चारतात (तो छापण्याजोगा नाही), मग रॅकेट टाकतात आणि धावत आलेल्यांना हात वर करून थांबवतात. "कोणी धरू नका. चार पावलं टाकू द्या."

ही चार पावलं नानांनी मनाने काढलेली नाहीत. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली एक नियम मांडला. दुखापतीनंतर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या नि पायाच्या ठरावीक हाडांवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा. उगाच काढले जाणारे एक्स-रे वाचावेत, एवढाच हेतू. नानांनी त्यातून खेळायचा परवाना काढला. "एक... दोन..." आता सगळा हॉलच मोजतो. चौथं पाऊल पडलं की नाना जाहीर करतात, "फ्रॅक्चर नाही! सर्व्हिस कोणाची?"

सिंहगड उतरताना हेच. पुतणीच्या लग्नात कार्यालयाच्या पायरीवरून घसरले तेव्हा तर वऱ्हाडानेही मोजलं, आणि नाना थेट पंगतीत वाढायला गेले. काकू एवढंच म्हणाल्या, "अहो, पाचवं पाऊल कधीतरी घराकडे टाका."

हाड शाबूत म्हणजे घोटा शाबूत, हे नानांचं गणित. पण पाऊल आत वळतं तेव्हा ताणतं ते घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं लिगामेंट. पाय कुठे नि किती कलला आहे ही खबर मेंदूला देणाऱ्यांत तेही असतं. सूज ओसरते, दुखणं थांबतं, तरी ही खबरबात बरेच दिवस उशिराच पोचते. तेवढ्यात नाना स्मॅशसाठी उडी मारतात आणि पाय वाकडा टेकल्याचं त्यांना सर्वांत शेवटी कळतं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो तो असा. त्यात नानांचे बूट मॉर्निंग वॉकचे, जाड आणि उंच तळव्याचे. कोर्टवर आडवं पळताना ते कलंडायलाच बसलेले असतात. नाना मात्र दोष देतात मॅटला.

शिवाय त्यांना मोठी सोबत मिळाली आहे. १९ ऑक्टोबर २०२३ला आमच्या गहुंज्यात वर्ल्ड कपच्या सामन्यात बांगलादेशविरुद्ध हार्दिक पंड्या पायाने चेंडू अडवायला गेला आणि घोटा दुखावून बसला. त्याच्या षटकातले उरलेले तीन चेंडू कोहलीने टाकले. "त्याचा डावा, माझा उजवा," नाना अभिमानाने सांगतात. पंड्या त्या वर्ल्ड कपमध्ये पुन्हा खेळू शकला नाही, हा भाग ते गाळतात.

फिजिओथेरपिस्टने नानांना सगळं लिहून दिलंय. सहा आठवडे कोर्ट बंद. भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. टाचा उचलायच्या. रबरी पट्टीला ताण देत पाऊल बाहेर वळवायचं. नंतर खेळताना लेसवाला ब्रेस घालायचा. नानांना हे पाठ आहे. रबरी पट्टीने सध्या स्कूटरला शटलचा डबा बांधलेला असतो.

आणि हाच माणूस, हॉलमधला एक कॉलेजचा पोरगा कळवळत बसला तेव्हा सगळ्यांच्या आधी पोचला. बूट सैल केला, हाडं चाचपली. "बाळा, चार पावलं टाक बघू." पोरगा दुसऱ्या पावलालाच खाली बसला. नानांनी त्याला रिक्षात घालून नेलं. एक्स-रेत पायाच्या बाहेरच्या कडेचं हाड मोडलेलं निघालं. प्लास्टर सुटल्यावर नाना रोज संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि तो एका पायावर उभा असताना घड्याळ लावत. पोरगा आज व्यवस्थित खेळतो. घाई केली असती तर नानांनी त्याला झोडपलंच असतं.

मग स्वतःचीच घाई का? एकदा नाना खरोखरच आठवडाभर घरी राहिले होते. परत आले तर डबल्सचा चौथा गडी ठरलेला. नाना बाकावर बसून गुण मोजत होते, मोठ्या आवाजात, कोणी विचारलं नसताना. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची वाट पाहणारी दुसरी जागा उरलेली नाही. क्रेप बँडेज गुंडाळता गुंडाळता मला म्हणाले, "सहा आठवडे म्हणजे नाव कटलं रे."

तेव्हा तुमच्याकडचे नाना लंगडताना दिसले तर त्यांना व्यायाम शिकवायला जाऊ नका, ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतात. त्यांची चौथी जागा सहा आठवडे राखून ठेवा, आणि ठेवली आहे हे त्यांना आजच फोन करून सांगा.