बोदलकशात न बोलता बोललेलं कसं वाचावं

देहबोलीची पुस्तकं सांगतात, हाताची घडी घातलेला माणूस तुम्हाला मनात शिरू देत नाही. हे ज्ञान तिरोड्यालाच उतरवून पुढे यावं. डिसेंबरातल्या पहाटे १९१७ सालच्या बोदलकसा तलावाच्या पाळीवर प्रत्येकाच्या हाताची घडी असते, बोटं काखेत खुपसलेली. त्यांच्या मनात काही नसतं. थंडी असते.

पहिले धडे जवळच्या नागझिऱ्याच्या जंगलात गिरवावेत. तिथली मंडळी स्पष्टवक्ती. चितळानं शेपटी उभी करून खालचा पांढरा भाग दाखवला आणि पुढचा पाय जमिनीवर आपटला, की जिप्सीत बसून चिवडा खाणं थांबवावं. झाडावरून वानर खाकरलं तर वाघ जवळ असल्याची खात्रीच. (चितळ पालापाचोळ्यालाही दचकतं. वानर वरून बघून बोलतं, म्हणून त्याची साक्ष जड.)

एवढं जमलं की वरच्या वर्गात, म्हणजे पानठेल्यावर जावं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून फळीवर खसाखस घोटला की खर्रा होतो. तो गालात गेलेला माणूस मुका नसतो, ओठ मिटून बोलतो. लांब ‘हंऽऽ’ म्हणजे हो. तुटक ‘हं-हं’ म्हणजे नाही. भुवया वर गेल्या तर ‘कोन्या गावचे?’ तळहात पुढे आला तर तो हस्तांदोलनाला नाही, पन्नी मागायला आहे. आपण हात मिळवला की ठेल्यावर दिवसभर पुरेल एवढी करमणूक होते.

आणि हनुवटी म्हणजे रस्ता. हनुवटी जितकी वर, तितकं ठिकाण लांब, हा नियम माझा स्वतःचा. तपासायला मी एका काकांना विचारलं, “काका, रिसॉर्ट कुठं?” काकांनी मान इतकी मागं टाकली की डोळे थेट आभाळाला लागले. मी मनात तीन किलोमीटर धरले, वाट दिसेल तशी तंगडतोड केली आणि धानाच्या बांध्यांत पोचलो. पुढे रस्ताच नव्हता.

परत आलो तेव्हा काका मोकळ्या तोंडानं बसले होते. मी हिशेब मागितला.

“मी कुठं रस्ता सांगतलो भाऊ?” काका म्हणाले. “तोंड भरून होतं. मान खाली केली असती, तं तुमच्या पांढऱ्या शर्टावर आलं असतं.”

रिसॉर्ट त्यांच्या पाठीमागेच होतं.