वर्गणीतला घोडा

वेल्समधल्या खाणकामगारांच्या एका गावात बारमध्ये काम करणाऱ्या बाईनं शेजाऱ्यांकडून आठवड्याला १० पौंड वर्गणी काढली, भाजीच्या वाफ्यांशेजारी शिंगरू वाढवलं आणि २००९ साली त्या ‘ड्रीम अलायन्स’नं वेल्श ग्रँड नॅशनल जिंकली. त्यावरचा ‘ड्रीम हॉर्स’ हा सिनेमा बघून पन्हाळ्यावर आमचं मंडळही पेटलं. झुणका-भाकरी खाता खाता ठराव झाला : आपणही रेसचा घोडा तयार करायचा. घोड्याचं नाव एका बैठकीत ठरलं, अध्यक्षाचं तीन बैठकांत. फ्लेक्स मात्र त्याच रात्री छापून आला. त्यात घोडा कोपऱ्यात आणि भावी नगरसेवक मधोमध.

“हरला तर?” कुणीतरी विचारलं.

“हरू दे की! पुण्यात पूनावालांचे म्हातारे घोडे हाफकिनला सीरमसाठी जायचे. त्यातनंच १९६६ला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपण लस काढू!”

वर्गणीची वही निघाली, तशी बैठक पांगली.

बाहेर पर्यटकांच्या फेऱ्या मारून आलेला एक घोडा तोबऱ्यात तोंड खुपसून उभा होता. त्याच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. तो कुठलीच शर्यत जिंकत नाही. नुसतं एक घर चालवतो.