पीपीएम अण्णा

अण्णांच्या गच्चीवर जायचं तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबावं लागतं. तिथं एक प्लास्टिकचा ट्रे ठेवलेला असतो, त्यात दोन बोटं पाणी. चपला काढायच्या, त्यात पाय बुडवायचे आणि हात पुढे करायचे. अण्णा बाटली उचलून आधी तळव्यांवर, मग पालथ्या हातांवर, मग नखांवर फवारा मारतात. पोहण्याच्या तलावावर येतो तसला वास येतो. "पुसायचं नाही. संपर्ककाळ मिळायला पाहिजे." तो मिळेपर्यंत पाहुण्यानं दोन्ही हात वर धरून उभं राहायचं. एकदा कुरियरवाला पोरगा असा उभा होता, तर समोरच्या गच्चीतल्या आजींनी खाली ओरडून सांगितलं, चोर सापडला म्हणून.

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या या गृहस्थांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. जलशुद्धीकरण केंद्रावर क्लोरीनचा डोस ठरवायचा आणि मग गल्लीबोळांतल्या शेवटच्या नळाखाली क्लोरोस्कोपची नळी धरून ओटी टेस्ट घ्यायची. नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. शेवटच्या घरात ०.२ पीपीएम क्लोरीन उरला पाहिजे, म्हणजे वाटेत कुणी जंतू जिवंत सुटला नाही. अण्णांनी जन्मभर ते पिवळेपण पाहिलं. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे क्लोरीनचं सगळं ज्ञान होतं आणि क्लोरीन घालायला गाव नव्हतं. मग त्यांनी गच्चीवर बाग केली.

अण्णांना झाडांची आवड आहे असं लोक समजतात. मी नाही समजत. गच्चीच्या पूर्वेला त्यांनी पांढरे पाइप आडवे टाकलेत, त्यांतून खताचं पाणी फिरतं, भोकांमध्ये लेट्यूस आणि टोमॅटो उभे. मातीचा कण नाही. टोमॅटो कसे आहेत विचारलं तर अण्णा "बरे आहेत" म्हणतात आणि विषय संपतो. पिथियमबद्दल मात्र विचारू नये. ही बुरशी मुळं कशी कुजवते, पाण्यातून पोहत एका झाडावरून दुसऱ्यावर कशी जाते, हे ते अशा ओढीनं सांगतात की, बुरशीचं स्थळ घेऊन आलेत की काय असं वाटावं. पीक म्हणाल तर अण्णा खरं पीक निर्जंतुकपणाचंच घेतात. टोमॅटो हे निमित्त.

सुरुवातीला ते ब्लीचिंग पावडरवर भागवत होते. नंतर त्यांना हायपोक्लोरस ॲसिड भेटलं आणि म्हातारपणी माणूस गुरू करतो तसं झालं. "ब्लीच आणि हे एकाच घरातलं," अण्णा सांगतात, "पण ब्लीचमध्ये बहुतेक हायपोक्लोराइट. त्याच्यावर ऋण भार. जंतूच्या अंगावरही ऋण भार, त्यामुळं तो जवळ येऊ देत नाही. हायपोक्लोरस ॲसिडवर भारच नाही, ते सरळ आत शिरतं. सगळा खेळ पीएचचा. ९ वर नुसतं ब्लीच. ५ ते ६ वर आणलंत की जवळजवळ सगळं ॲसिड. आणि ३ च्या खाली गेलात," इथं ते थांबून खिडकीकडे बघतात, "की क्लोरीन वायू. मग पळायचं." म्हणून हे काम ते उघड्या गच्चीवर, वाऱ्याची दिशा बघून करतात. व्हिनेगर ड्रॉपरनं घालतात. संडासात घालायचं ॲसिड घरात कुठल्या फळीवर ठेवायचं याचाही त्यांनी नियम केलाय, कारण ते ब्लीचमध्ये मिसळलं तर वायूच.

तयार करण्याची कृती साधी आहे. मिठाचं पाणी, दोन इलेक्ट्रोड, वीज. अण्णांनी पहिल्यांदा मोबाइलचा जुना चार्जर तोडला आणि बायकोचे, म्हणजे आमच्या काकूंचे, दोन स्टीलचे चमचे पाण्यात सोडले. तासाभरात पाणी हिरवट तपकिरी झालं, खाली गाळ बसला. स्टीलमधलं लोखंड, क्रोमियम, निकेल, सगळं विरघळून पाण्यात उतरलं होतं. एक चमचा चाळणीसारखा झाला. तो काकूंनी अजून जपून ठेवलाय. भांडणात उपयोगी पडतो.

त्यानंतर लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या आल्या. मिठाचाही प्रश्न होता. घरात आयोडीनयुक्त मीठ, ते अण्णांना नको. मग त्यांची नजर उपासाच्या सैंधवावर गेली. एकादशीला काकूंनी बरणी उघडली तर रिकामी. सैंधवातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं पट्टीवर पांढरी खपली धरली, तेव्हा अण्णांना ते मीठही नालायक ठरलं. काकूंचं म्हणणं एवढंच, की नालायक ठरवायचंच होतं तर चिमूटभरात ठरवायचं.

युक्तिवादात मात्र अण्णांना हरवणं अवघड. १८३४ मध्ये बालार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हे ॲसिड शोधलं, ब्रोमीन शोधणारा तोच. पहिल्या महायुद्धात एडिंबराच्या लोकांनी याच घराण्यातलं युसॉल काढलं, त्यानं सरकारी दवाखान्यांत पुढं कितीतरी वर्षं जखमा धुतल्या. जपाननं २०१४ मध्ये विजेनं बनवलेलं हे पाणी शेतीत वापरायला अधिकृत मान्यता दिली. आणि शेवटचा हुकमी एक्का: "अहो, तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच ॲसिड तयार करतात. आत्ता, या क्षणाला, तुमच्या अंगात!"

"मग पेशींनी करावं की," काकू आतून म्हणतात. "पेशी काय माझे चमचे घेतात?"

अण्णांच्या आई कडक सोवळ्याच्या होत्या. ओलेत्यानं स्वयंपाक, पोरांनी शिवलं की पुन्हा आंघोळ. अण्णांनी तरुणपणी त्यावरून आईशी वाद घातले, नरेंद्र दाभोलकरांची व्याख्यानं पहिल्या रांगेत बसून ऐकली, आणि आता साठी उलटल्यावर कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना ती बुडवतात, पुन्हा बुडवतात, मध्ये माझा हात लागला तर तिसऱ्यांदा बुडवतात. मी एकदा ब्रह्मकमळाचं पान लावायला नेऊन दिलं. ते आठ दिवस न्हाणीघरात वेगळं ठेवलं होतं. आईंचं सोवळं निदान दुपारी जेवणं झाली की सुटायचं.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. आमच्या गल्लीत मिरची-वांग्याची रोपं आधी वीतभर व्हायच्या आत बुडाशी काळी पडून आडवी व्हायची. अण्णांनी सगळ्यांचे ट्रे गोळा केले, आधी ब्रशनं घासून माती काढली (मळ असला की क्लोरीन मळावरच खर्च होतो, हा त्यांचा पहिला धडा), मग २०० पीपीएमच्या पाण्यात बुडवले. त्या वर्षी बहुतेकांची रोपं उभी राहिली. पुढं उत्साहात त्यांनी पाइपांतल्या पाण्यात दशांश चिन्ह चुकवलं. जिथं १-२ पीपीएम पुरे, तिथं दसपट गेलं आणि लेट्यूसची मुळं भाजली. "पण पिथियम एक नव्हता," अण्णा त्या दिवशी म्हणाले. खरं होतं. लेट्यूसही नव्हतं.

गच्चीच्या पश्चिमेला काकूंचं राज्य. नरेंद्र दाभोलकरांचे बंधू श्रीपाद दाभोलकर, त्यांच्या प्रयोग परिवाराच्या वळणाची बाग: पालापाचोळा, उसाची चिपाडं, फुटक्या बादल्या, त्यांतून दोडका, पुदिना, कढीपत्ता वाटेल तसा वाढलेला. आणि कोपऱ्यात निळ्या पिंपात नैसर्गिक शेतीवाल्या पाळेकरांचं जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती. काकू सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळतात. म्हणजे एका कोपऱ्यात जंतू मारायचा कारखाना, दुसऱ्या कोपऱ्यात वाढवायचा. मध्ये कपडे वाळत घालायची दोरी. तिच्या अलीकडे काकूंची काठी येत नाही आणि पलीकडे अण्णांचा फवारा जात नाही, असा तह आहे.

मागच्या महिन्यात अण्णांनी तह मोडला. मारायला नव्हे, मोजायला. पाण्याच्या धंद्यात एक शब्द आहे, क्लोरीन डिमांड. पाण्यातली घाण आधी किती क्लोरीन खाते आणि मग किती उरतो, याचा हिशेब. या पिंपाची डिमांड किती असेल, हा प्रश्न निवृत्त माणसाला झोपू देईना. त्यांनी लिटरभर जीवामृत गाळून घेतलं, त्यात आपलं पाणी ओतलं, क्लोरोस्कोपच्या नळीत घेऊन ओटीचे थेंब टाकले. नळी पिवळी! अण्णांचा चेहरा उजळला.

"थेंब टाकायच्या आधी कुठल्या रंगाचं होतं?" काकूंनी विचारलं.

आधीही पिवळंच होतं. शेणाचा रंग तो.

मग फ्री क्लोरीनच्या पट्ट्या आल्या. पट्टी कोरी. आणखी ओतलं, पट्टी कोरी. आठवड्याचा साठा ओतला. गोमूत्रातल्या अमोनियानं थोडा धरला, शेणागुळानं बाकीचा खाल्ला, पट्टी कोरी ती कोरीच. पलीकडे पिंपात बुडबुडे येत होते. डिमांड भागून क्लोरीन उरू लागतो, त्या टप्प्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. अण्णांनी वही काढून लिहिलं: ब्रेकपॉइंट आढळला नाही. सबंध नोकरीत अशी नोंद त्यांना कधी करावी लागली नव्हती. मला वाटलं माणूस खचणार. तर ते टक लावून पिंपाकडे बघत होते, आणि चाळीस वर्षांच्या संसारात काकूंच्या कुठल्याही पदार्थाकडे त्यांनी इतक्या आदरानं पाहिलं नसावं.

त्याच रात्री साडेदहाला माझा फोन वाजला. अण्णा कुजबुजत होते. "त्या पिंपात गूळ किती घालते ती, जरा विचारून सांगता का उद्या?"

"अण्णा, काकू तुमच्या शेजारच्या खोलीत आहेत."

"मी कसा विचारू? तिला वाटेल मी मान्य केलं. तुम्ही विचारा. आणि ग्रॅममध्ये विचारा, अंदाजानं सांगेल ती."