कॅल्शियमकाका

आमच्या कॅल्शियमकाकांची ओळख करून देण्यात अर्थ नाही, कारण ते तुमच्याही सोसायटीत आहेत. तुमच्याकडे कदाचित त्यांना गांडूळखतकाका म्हणत असतील, कडुनिंबकाका म्हणत असतील किंवा नुसतंच ‘आले बघ’ म्हणत असतील. बँकेतून निवृत्त, पहाटे पाचला जाग, अंगात हाफ स्वेटर आणि हातात दुसऱ्याच्या कुंडीतलं तोडलेलं पान. तेव्हा थेट टोमॅटोकडे वळू.

कुंडीतला टोमॅटो पिकायच्या आधीच कधी कधी बुडाशी काळा पडतो. वरून फळ देखणं, खालून सुकलेला, चपटा, काळा डाग. कॅल्शियमच्या कमतरतेचं हे पुस्तकी लक्षण. काकांनी त्याचा फोटो कुठंतरी पाहिला आणि त्या दिवसापासून जगाकडे वरून बघणं सोडलं. मंडईत ते टोमॅटो आधी उलटा करतात.

“बाई, कॅल्शियम कमी आहे.”

“काका, घ्यायचं तर घ्या, न्हायतर ठिवा खाली.”

एका लग्नात त्यांनी बुफेच्या सजावटीतला टोमॅटो उलटा करून पाहिला. मागं रांग खोळंबली होती. टोमॅटो निर्दोष निघाल्यामुळे ते जरा हिरमुसले, पण तेवढ्यात हारांच्या ओझ्यानं वाकलेला नवरा मुलगा दिसला आणि त्यांचा चेहरा खुलला. “बघ,” मला कोपरानं ढोसत ते म्हणाले, “कॅल्शियम.”

सोसायटीच्या वार्षिक सभेत जिन्यातल्या पडक्या प्लॅस्टरचा विषय निघाला तेव्हा काका उभे राहिले. चेअरमन अजिजीनं म्हणाले, “काका, प्लीज.” काका म्हणाले, “भिंतीवरचा चुना म्हणजे काय? कॅल्शियमच. तो गळतोय, याचा अर्थ मी सांगायला नको.” रसायनशास्त्राच्या दृष्टीनं मुद्दा बिनतोड असल्यामुळे विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

आता औषध. काकांच्या घरी अंडं कधी शिजलेलं नाही. कवचं येतात कोपऱ्यावरच्या भुर्जीपावच्या गाडीवरून, रात्री दहानंतर, दुधाच्या रिकाम्या पिशवीतून. गाडीवाल्याला सुरुवातीला वाटलं, महापालिकेचा माणूस पुरावा गोळा करतोय. काकूंनी दारातच अडवलं होतं, “अंडं या घरात येणार नाही.” काका म्हणाले, “अंडं कुठंय? कवच आहे. कवच शाकाहारी असतं.” शेवटी तह झाला. कवचांचा तवा वेगळा, शेगडी वेगळी, मिक्सर जुना, आणि हे सगळं गॅलरीत. आत पाऊल टाकण्यापूर्वी काकांनीही हात धुवायचे.

कृती ते कुणालाही, न विचारता, सांगतात. आतला पातळ पापुद्रा नखानं सोलायचा. कवचं धुऊन वाळवायची, मंद आचेवर खरपूस भाजायची, जाडसर कुटायची. मग काचेच्या बरणीत एक भाग कवच आणि दहा भाग पांढरं व्हिनेगर. ओतल्याबरोबर बरणी फसफसते. बारीक बुडबुडे अंगाला चिकटले की कवचाचा तुकडा हळूहळू वर येतो, वर आल्यावर बुडबुडे फुटतात, तुकडा डुलत तळाशी जातो आणि पुन्हा वर निघतो. काका समोर खुर्ची टाकून हे तासभर बघतात. काकूंच्या मालिकेपेक्षा तिथं कथानक जास्त पुढं सरकतं.

यात शास्त्र आहे, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य करावं लागतं. कवचात साधारण ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते तसंच कुंडीत टाकलं तर विरघळायला महिनोन्‌महिने लागतात. व्हिनेगरमधल्या आम्लानं त्याचं कॅल्शियम ॲसिटेट होतं, ते पाण्यात सहज विरघळतं, आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांतून निघून जातो. ही रीत कोरियाच्या चो हान क्यू यांच्या नैसर्गिक शेतीतली. पूर्वी लोक ‘इंपोर्टेड आहे’ ज्या थाटात म्हणायचे, त्याच थाटात काका म्हणतात, “कोरियन आहे.”

बुडबुडे थांबले की द्रावण जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून बाटल्यांत भरायचं. बाटल्या भंगारवाल्याकडच्या, रमच्या. त्यांची झाकणं घट्ट बसतात, एवढंच कारण. पण तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूला हे कोण सांगणार? त्यानं पाहिलं ते इतकंच, की सकाळी साडेसहाला एक सभ्य म्हातारा बगलेत रमची बाटली घेऊन मजल्या-मजल्यावर बेल वाजवतोय.

“रोज असतं का हे?” त्यानं धीर करून विचारलं.

“रोज. लिटरला एक मिली. जास्त झालं तर त्रास होतो.”

“आणि सगळे घेतात?”

“ज्यांचं बूड काळं पडलंय ते घेतात,” काका म्हणाले आणि वरच्या मजल्यावर गेले.

औषध नडतच नाही असं नाही. दुसऱ्या मजल्यावरची जास्वंद पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोह न मिळाल्याचं लक्षण. मातीत चुना जास्त झाला की लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. काकांनी अर्थातच कॅल्शियम वाढवलं. जास्वंद आणखी पिवळी पडली. काका गंभीरपणे म्हणाले, “माझ्याकडे यायला हिला उशीर झाला.”

मग काकांचा भाचा आला. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला, मितभाषी. त्यानं बाटली हातात घेतली, काही आकडे मांडले आणि सांगितलं, “मामा, पाच टक्क्यांच्या व्हिनेगरात कितीही कवचं घातलीत तरी एका मिलीत फार तर १६-१७ मिलिग्रॅम कॅल्शियम उतरतं. म्हणजे लिटरभर पाण्यात तेवढंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातसुद्धा लिटरमागं ७५ मिलिग्रॅम बसतं. तुमचं तर बोअरचं पाणी.” बोअरच्या पाण्याबद्दल कुणी बोलायची गरजच नव्हती. आमच्या गिझरची कॉइल बाहेर काढताना प्लंबर जो पांढरा थर खरवडतो, तो बहुतेक कॅल्शियमच असतो. नळांना तो आहे, बादल्यांना आहे, काकांच्या मगालाही आहे.

“मग बूड काळं का पडतं?” काकांनी उलटतपासणी घेतली.

भाच्यानं सांगितलं. कॅल्शियम मुळातून पाण्याबरोबरच वर चढतं. पानं पाणी जास्त उडवतात, म्हणून ओढ त्यांची जास्त. फळाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, आणि देठापासून सर्वांत लांब असलेल्या बुडाला त्याहून कमी. एकदा पानात जाऊन बसलेलं कॅल्शियम फळासाठी परत निघत नाही. सरकारी अनुदानाचंही असंच असतं. मंजूर होतं, निघतं, वाटेत मुरतं. त्यात कुंडी चार दिवस कोरडी आणि रविवारी पूर, असं झालं की फळाची उपासमार ठरलेली. “मातीत कॅल्शियम असतं, मामा. पाणी वेळेवर नसतं.”

काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे फळात कॅल्शियम कमी. मी तेच म्हणतोय.”

भाचा त्याच संध्याकाळच्या एसटीनं परत गेला.

आता मनाविरुद्ध एक गोष्ट लिहावी लागतेय. काकांच्या औषधानं आमच्या सोसायटीतले टोमॅटो सुधारले. कुंड्या आमच्या, पण आम्ही सगळे रविवारी पूर आणणारे. काका मात्र साडेसहाला बेल वाजवतात, बाटलीच्या झाकणातलं काहीतरी बादलीत टाकतात, लाकडी डावानं ढवळतात आणि प्रत्येक कुंडीला मोजून मगभर घालतात. पावसाळ्यातसुद्धा माती बोटानं चाचपून बघितल्याशिवाय जिना उतरत नाहीत. औषध मिलीभर, पाणी लिटरभर, आणि खाडा नाही. मध्यंतरी ते महिनाभर मुलीकडे बेंगळुरूला गेले. ‘बाटली ठेवून जातोय, झाकणभर घाला,’ असं सगळ्यांना बजावून गेले. आम्ही झाकणभर घातलंही, आठवण झाली तेव्हा. ते परतले तेव्हा सोसायटीचे टोमॅटो बुडाशी काळे पडले होते. काका उलटे टोमॅटो बघत मजला-मजला हिंडले आणि त्यांनी निष्कर्ष काढला, की व्हिनेगर भेसळीचं होतं.

चौथ्या मजल्यावरच्या आजी एकट्या असतात. त्यांच्याकडे एकच कुंडी, आणि ती बरी होऊन किती तरी महिने झाले. तरी काका तिथं सर्वांत जास्त वेळ लावतात. आजी त्यांना आत या म्हणत नाहीत, काका जात नाहीत. दारातच गुडघ्यांची, रक्तदाबाची आणि पेपरातल्या बातम्यांची चौकशी होते. एका सकाळी बेल वाजवूनही दार उघडलं नाही. दूधवाल्यानं पिशवी अडकवून वाट धरली होती. कामवाली दहाला येते. काकांनी मात्र वॉचमनला बोलावलं, शेजारची किल्ली शोधली आणि दार उघडायला लावलं. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, शुद्धीवर होत्या, मनगट मोडलं होतं. “आलात?” त्या म्हणाल्या, “मला वाटलंच, साडेसहा झाले की याल.”

हे ऐकून आम्ही हळवे झालो होतो. काकांशी आता जरा बऱ्यानं वागायचं, असं जिन्यात ठरतही होतं. पण दवाखान्यातून परतताना काकांनी आजींचं प्रिस्क्रिप्शन खिशात घालून आणलं आणि पहिल्या मजल्यापासून एकेक दार ठोठावायला सुरुवात केली. आमच्या दारी आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

“वाच. हाडं ठिसूळ झालीत म्हणतो. पहिलं औषध काय लिहिलंय? मोठ्यानं वाच.”

“कॅल्शियम,” मी म्हणालो.

“एमडी झालेला माणूस आहे!” काका म्हणाले आणि कागद माझ्या हातातून घेऊन वरच्या मजल्याकडे निघाले. त्याच ओळीत पुढं डॉक्टरांनी ‘रोज, न चुकता’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या मात्र काकांनी अजून पाहिलेल्या नाहीत.