काय प्रश्न विचारलात!

मुलुंड पूर्वेची आमची सोसायटी म्हणजे तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात एक बादली कायमची मांडलेली. अशा इमारतीचं कौतुक कोण करील? दादसाहेब करतात. पहिल्यांदा आले तेव्हा जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत म्हणाले, "काय लाकूड आहे हो! आता असं काम बघायला मिळत नाही." आले होते ते हीच इमारत पाडण्याची बोलणी करायला.

दादसाहेब एका बिल्डरकडे 'लायझनिंग'ला आहेत. त्यांचं खरं नाव व्हिजिटिंग कार्डावर आहे, पण आल्यागेल्या प्रत्येक गोष्टीला दाद देतात म्हणून बिल्डिंगमधल्या पोरांनी त्यांचं हे नवं बारसं केलं. पूर्वी भाट राजाच्या पदरी असायचे. आता बिल्डरच्या पगारावर असतात आणि त्यांना महिन्याचा पेट्रोल भत्ता मिळतो. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, जिथे जिथे जुन्या इमारती पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या आहेत, तिथे त्यांचे भाईबंद हमखास भेटतात. वय पन्नाशीचं, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, काखेत फोल्डर, हातात फरसाणाचा पुडा. चपला दाराबाहेर काढतात, त्याही नीट जोडून.

हा माणूस सरसकट लोणी लावत फिरतो असं कुणाला वाटेल, तर ते चूक आहे. सरसकट लावणारे कच्चे असतात. दादसाहेब आधी वॉचमनबरोबर दोन कटिंग चहा घेतात. कुणाचा मुलगा कॅनडात आहे, कुणाचे गुडघे दुखतात, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं तिथे कळतं. मग वर चढतात आणि प्रत्येकाच्या घरात नेमकी तीच गोष्ट उचलतात जी खरी आहे आणि जिच्याकडे घरच्यांनी कधी ढुंकून पाहिलेलं नाही.

आमच्या खजिनदारकाकांचंच घ्या. सोसायटीची 1983 पासूनची पाण्याची बिलं त्यांनी वर्षवार बाइंडिंग करून, डांबराच्या गोळ्या घालून लोखंडी कपाटात ठेवली आहेत. काकू दर दिवाळीला ती रद्दीवाल्याला द्यायला निघतात आणि दर दिवाळीला भांडण होतं. दादसाहेबांनी एक खंड मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि अगदी पोथी वाचावी तसा मिनिटभर वाचला. बोलले काहीच नाहीत. मग हलकेच मिटून म्हणाले, "काका, महापालिकेकडेसुद्धा एवढं रेकॉर्ड नसेल."

काकांनी चष्मा पुसला. काकूंकडे असं काही बघितलं की चाळीस वर्षांचा हिशेब चुकता झाला. त्याच संध्याकाळी त्यांनी प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा आणि सभासदांची यादी, सगळ्याची झेरॉक्स स्वतःच्या पैशांनी काढून दादसाहेबांच्या फोल्डरमध्ये घातली. कमिटीला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आता काकांना हसणं सोपं आहे. पण मला विचाराल तर दोष निम्मा आमचा. ती बिलं एवढी वर्षं आम्हीही बघत होतो. 'काका, छान ठेवलीत हो' म्हणायला कुणाचे पैसे पडत होते? आपण घरात आणि शेजारी कौतुकाला इतके कंजूष, की पहिला जो उधळेल त्याच्या मागे माणूस चालू लागतो. तळमजल्यावरच्या कच्छी शेठना मी कधी कुणाच्या बोलण्याने हललेलं पाहिलं नव्हतं. दादसाहेब त्यांना एवढंच म्हणाले, "शेठ, हिसाब तो आपसे सीखना चाहिए." शेठनी त्या दिवशी हिशेब विचारलाच नाही.

राहिल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. महापालिका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या. त्यांच्यापुढे साखरपेरणी चालत नाही. कुणी "बाई, अजून किती तरुण दिसता" म्हटलं, तर "मोतीबिंदू तपासून घ्या" म्हणणाऱ्या. प्रेझेंटेशनच्या दिवशी गच्चीवर खुर्च्या मांडल्या, पडद्यावर बावीस मजली टॉवर आला, त्याच्या पायथ्याशी निळाशार स्विमिंग पूल आणि मुलुंडमध्ये कधीच न दिसणारी गोरीपान मंडळी. बाई उठल्या. हातात पुनर्विकासाबद्दलच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाची प्रत, जागोजागी पेन्सिलीच्या खुणा.

"यात प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के बँक हमी सांगितली आहे. तुम्ही ती कधी देणार, आणि कोणत्या बँकेची?"

गच्ची चिडीचूप. दादसाहेबांनी हातातला माइक खाली घेतला, डोळे मिटले, उघडले.

"काय प्रश्न विचारलात बाई! एवढ्या सोसायट्या फिरलो, पण असा अभ्यास करून आलेला सभासद पहिल्यांदा बघतोय. टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. शेठनी वाजवल्या, काकांनी वाजवल्या, मीही वाजवल्या. बाई बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोला, किंचित लाली होती. पडद्यावर मॉड्युलर किचन आलं.

त्यानंतर प्रश्नांची झुंबड उडाली. भाडं दर महिन्याला मिळणार की वर्षाचे चेक आगाऊ? उत्तम प्रश्न. वाढीव कार्पेट किती टक्के? फारच मुद्द्याचं बोललात साहेब. गोरेगावच्या पत्राचाळीतली 672 कुटुंबं 2008 च्या करारानंतर दशकाहून जास्त काळ घराबाहेर राहिली, तसं इथे होणार नाही कशावरून? वा, केवढं वाचन आहे तुमचं! एकेक जण ताठ मानेने उठत होता आणि अधिकच ताठ मानेने बसत होता. आपल्याला उत्तर मिळालेलं नाही, हे कुणाच्या लक्षातच येईना. शाळेत कधी 'शाब्बास' न ऐकलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर प्रश्न नसताना हात वर केला. त्यांच्या हात वर करण्याचंही कौतुक झालं.

फरसाण संपलं, समोसे संपले, टॉवरचं ब्रोशर घरोघरी गेलं. रात्री प्रत्येक खिडकीतून एकच वाक्य ऐकू येत होतं : "मी असा काही प्रश्न टाकला ना!"

सभावृत्तांत लिहायचं काम बाईंकडे असतं. पुढच्या रविवारी दादसाहेब होकाराचं पत्र न्यायला आले, तेव्हा बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. पट्टीने दोन रकाने आखलेले. डावीकडे अकरा प्रश्न, क्रमांक घालून. उजवीकडे प्रत्येकापुढे दिलेलं उत्तर जसंच्या तसं : 'उत्तम प्रश्न.' 'वा.' 'टाळ्या.' खाली रेघ मारून बेरीज : शून्य.

दादसाहेबांनी वही दोन्ही हातांत धरली. खजिनदारकाकांच्या बिलांइतकाच वेळ घेतला. आम्ही सगळे टक लावून बघत होतो.

"बाई," ते म्हणाले, "अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं!"